दोरीचे दुसरे टोक

आजोळच्या घरावर माडी चढवायची ठरली त्या उन्हाळ्यात मी आठ-नऊ वर्षांचा असेन. तापीकाठचे गाव, मे महिन्याचे खानदेशी ऊन आणि ओसरीच्या सावलीत सागाच्या तुळयांमध्ये बसलेले सुतारबाबा. कानावर पेन्सिल, मांडीशी रंधा आणि बाजूला गेरूत भिजवलेल्या दोरीची गुंडी. तुळईवर रेघ उमटवायची झाली की ते जवळ असेल त्या पोराला हाक मारीत, "टोक धर रे." मी टोक धरी, ते दुसऱ्या टोकाशी जात, दोरी ताणून मधोमध चिमटीत उचलत आणि सोडून देत, हवेत एक बारीक टणत्कार होई आणि लाकडावर तांबडी, सरळ रेघ उमटे. एकदा माशी चावली आणि माझा हात हलला. ते रागावले नाहीत. ओल्या फडक्याने रेघ पुसत म्हणाले, "इथं तू सूतभर हललास ना, तर वर जिना हातभर हलंल." सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. खाली एवढीशी असलेली चूक वर जाताजाता इतकी मोठी कशी होते, हे कोडे मी त्या उन्हाळ्यात पुष्कळ दिवस मनाशी घोळवले होते, आणि अजून ते पुरते सुटले आहे असे म्हणवत नाही.

पुढे कधीतरी 'मयमत' या शिल्पग्रंथात कारागिरांचे चार प्रकार वाचले तेव्हा सुतारबाबा आठवले. स्थपती, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकी. स्थपतीच्या मनात वास्तू आधी उभी राहते. तक्षक दगड-लाकूड तासतो. वर्धकी तासलेले जोडत, वाढवत नेतो. आणि या सर्वांच्या मध्ये सूत्रग्राही मापाची दोरी धरून उभा असतो. सूत्रग्राही हा स्थपतीचा मुलगा किंवा शिष्य असावा, असा एक तपशील ग्रंथकार जाताजाता सांगून मोकळा होतो, आणि तेवढाच माझ्या मनात रुतून राहिला आहे. म्हणजे पोराच्या हाती हत्यार येण्याआधी माप येत होते. काही घडवण्याआधी त्याला दोरीचे टोक धरून निश्चल उभे राहायला शिकवले जात होते. विद्येच्या उतरंडीत मुलाचे स्थान किती नेमके आणि किती नाजूक ठेवले आहे, असे मला तेव्हा वाटले होते. वडिलांच्या मनातली वास्तू खरी उतरायची तर मुलाचा हात स्थिर हवा. आणि मुलाचा हात स्थिर राहायचा तर ज्या जमिनीवर तो उभा आहे ती वडिलांनी आधी पारखलेली हवी.

तक्षक, तक्षण, तक्षन्; मूळ धातू तक्ष्, म्हणजे तासणे, तासून आकार देणे. भाषाशास्त्रज्ञ याचे गोत्र दूरवर नेतात. ग्रीकांचा 'टेक्टन' म्हणजे सुतार, आणि सुतारांतला मुख्य तो आर्किटेक्ट. लॅटिनमध्ये हेच मूळ विणण्याच्या अर्थाने वावरते आणि टेक्स्टाइल या शब्दापर्यंत पोचते. सुतावरून स्वर्ग गाठण्याची माझी ही जुनी खोड वाचकाने क्षमा करावी. पण या एका धातूची सारी नातवंडे एकाच गावात नांदताना पाहायची असतील तर सुरतेला जावे. उधना-लिंबायतच्या बाजूला माग चालतात, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारची, म्हणजे आमच्याच मुलखातली माणसे तिथे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली आहेत. वराछा-कतारगामकडे गेले की सौराष्ट्रातून आलेली कुटुंबे हिऱ्याला पैलू पाडतात. आणि २४ मे २०१९ च्या दुपारी, वराछ्याच्या पलीकडे सरथाण्यात, एका इमारतीच्या माथ्यावर बसून काही मुले रेखाटन शिकत होती. आर्किटेक्चरच्या, डिझाइनच्या प्रवेशपरीक्षांची तयारी करीत होती. इमारतीचे नाव तक्षशिला आर्केड.

नाव ठेवणाऱ्याने फार विचार केला नसेल. आपल्याकडे दुकानांच्या संकुलांना नालंदा, अजिंठा, तक्षशिला ही नावे सहज मिळतात, जशी मुलांना देवांची. परंतु त्या दिवसानंतर मला ते नाव नुसते नाव म्हणून वाचता येत नाही. ज्या मुलांना घरे कशी बांधावीत हे शिकायचे होते, त्यांना एका वाईट बांधलेल्या घराने मारले. खालच्या बाजूला विजेच्या ठिणगीने आग लागली, दर्शनी भागावरच्या जाहिरातींच्या फ्लेक्सवरून ती वर चढली. वरचा वर्ग कमानदार, बेकायदा छपराखाली होता. छत इतके बुटके की खुर्च्यांऐवजी टायरांची बैठक केलेली. वर जाणारा जिना लाकडी, तो आधीच पेटला. अग्निशमन दलाच्या गाड्या आल्या, पण शिडी खिडकीपर्यंत पोचेना, आणि खाली धरायला जाळी नव्हती. २२ जण गेले. बहुतेक पंधरा ते विशीच्या आतबाहेरचे, त्यांत मुली जास्त. काही धुराने आणि ज्वाळांनी, काही उडी मारून.

यापेक्षा अधिक तपशील मी देणार नाही, कारण ते वाचकाने पाहिले आहेत. मीही पाहिले आहेत. आदल्याच दिवशी लोकसभेचे निकाल लागले होते, सगळ्यांचे हात मोबाइलवर आणि डोळे दूरदर्शनवर होते, आणि संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत या देशातल्या घराघरांत पोचली होती. मी ती तीन वेळा पाहिली. आणि हे लिहिताना बोट जड होते, पण लिहिले पाहिजे: मी ती पुढे पाठवली. एका मित्राला, "बघ काय भयंकर" असे म्हणून. त्या पाठवण्यात दुःख होते की कुतूहल, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. खाली रस्त्यावर मोबाइल वर धरून उभ्या असलेल्या माणसांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांचे डोळे संपतात तिथून माझे डोळे सुरू झाले होते, आम्ही एकाच लांबलचक गर्दीत उभे होतो, इतकेच की मी तीनशे किलोमीटर मागे होतो.

त्या गर्दीत एक तरुण मात्र होता, जो वर पाहत राहिला नाही. तो इमारतीच्या बाहेरच्या अंगाने चढला, मजल्याच्या कडेवर उभा राहिला आणि लटकणाऱ्या मुलांना धरून उतरवू लागला. चित्रफितीत तो क्षणभर दिसतो. मी जेव्हा जेव्हा ते आठवतो तेव्हा माझ्या मनात आदिपर्वातला आस्तीक येतो. जनमेजयाने तक्षशिला जिंकली होती आणि त्याच्या सर्पसत्रात साप आकाशातून अग्नीत कोसळत होते; शेवटी नागराज तक्षकच ओढला गेला, तो अंतराळात, अग्नी आणि आकाश यांच्या मध्ये आला असताना आस्तीक नावाचा कोवळा मुलगा उभा राहिला आणि त्याने त्याला तिथल्या तिथे थांब म्हटले. आणि तो थांबला. पडता पडता हवेत थांबला. त्या एका थांबण्यावर अख्खे सत्र संपले. महाभारतकारांना पडणाऱ्याला हवेत थांबवणारा शब्द सापडला होता, आणि तो त्यांनी ऋषीच्या, राजाच्या तोंडी न घालता एका मुलाच्या तोंडी घातला. सरथाण्यात दिशा उलटी होती, इथे मुले अग्नीतून बाहेर पडत होती. पण त्या चित्रफितीतला तो अर्धा-पाऊण सेकंद, जेव्हा एखादी आकृती खिडकी सोडून गेलेली आहे आणि जमिनीवर पोचलेली नाही, तो पाहताना माझ्या घशात अडकलेला शब्द तोच होता.

आदिपर्वातच आणखी एक आग आहे. खांडववन पेटले आहे, आणि जरिता नावाची पक्षिणी आपल्या चार पिलांजवळ अडकली आहे. पिलांना पंख फुटलेले नाहीत, आणि चौघांना घेऊन उडणे तिला शक्य नाही. बाप मंदपाल केव्हाच निघून गेलेला. ती पिलांना म्हणते, या उंदराच्या बिळात शिरा, मी वरून माती लोटते. पिले म्हणतात, बिळात उंदीर आहे. ती सांगते, उंदराला ससाण्याने नेलेले मी पाहिले. पिले म्हणतात, एक नेला असेल, आणखी असतील. बिळात मरण निश्चित आहे, आगीत संशय आहे, वारा फिरू शकतो. आणि मग ती आईला म्हणतात, तू जा. मी लहानपणी ही कथा ऐकली तेव्हा तिच्यातला वाद मला लांबलेला वाटे; ज्वाळा जवळ येत असताना ही पिले युक्तिवाद कसला करीत बसली आहेत! आता कळते, की दोन मरणांमधला फरक मोजणे हेच त्या क्षणी उरलेले एकमेव स्वातंत्र्य असते. खिडकीशी आलेल्या मुलांनी तोच हिशोब केला, फक्त उलट्या बाजूने: आत निश्चित, बाहेर संशय. कुणी ओढणी बांधावी का असा विचार केला असेल, कुणी खालच्या फलकाची उंची डोळ्यांनी मापली असेल. रेखाटनाच्या वर्गातली ती मुले, अंतर डोळ्यांनी मोजायलाच तर शिकत होती.

मोजण्याचा विषय निघाला की सुरतेत हिऱ्यांकडे वळावेच लागते. जगातले बहुतेक हिरे या शहरातल्या हातांखालून जातात. तिथे कारागिराला रत्नकलाकार म्हणतात, आणि हा शब्द मला फार आवडतो. एक कॅरट म्हणजे एका ग्रॅमचा पाचवा भाग, त्याचा शंभरावा भाग एक सेंट, म्हणजे दोन मिलिग्रॅम. आणि त्या दोन-चार मिलिग्रॅमच्या कणावर, भिंगातून पाहत, घंटी म्हणतात त्या फिरत्या चकतीवर टेकवत, हे लोक ५७ पैलू पाडतात. कोन अंशभर चुकला तर प्रकाश खालून निसटून जातो, आणि हिरा मेला असे म्हणतात. सरथाणा-वराछाच्या पट्ट्यात असे अनेक बाप आहेत ज्यांच्या बोटांना हा अंश कळतो, ज्यांनी गावाकडचा दुष्काळ सोडून येऊन, पाठ वाकवून, मुलीला रेखाटनाच्या वर्गाची फी भरली. माझ्या मनात वारंवार येते ते हे, की ज्या शहराची बोटे इतकी सूक्ष्म मोजतात त्या शहरात कुणी छपराची उंची कशी मोजली नाही? शिडीची लांबी आणि खिडकीची उंची यांची वजाबाकी कुणाच्या कागदावर कशी आली नाही? मग लक्षात येते, की हिरा एकाच्या हातात असतो, म्हणून त्याच्या मापाचा धनी असतो. इमारत कुणाच्याच हातात नसते. नकाशा एकाचा, बांधकाम दुसऱ्याचे, भाडे तिसऱ्याचे, छप्पर चौथ्याने चढवलेले, शिक्का पाचव्याचा, फलक सहाव्याचा. दोरीला सहा टोके झाली, आणि प्रत्येकाला वाटले की दुसऱ्याने धरली आहे.

तीन वर्षांनी, पुन्हा २४ मे होती, जेव्हा अमेरिकेत टेक्सासमधल्या युवाल्डी या लहानशा गावात अठरा वर्षांचा एक मुलगा बंदूक घेऊन प्राथमिक शाळेत शिरला आणि त्याने १९ मुलांना व दोन शिक्षिकांना मारले. तारखांच्या योगायोगात अर्थ शोधू नये हे मला कळते, तरी त्या दिवसापासून या दोन दुपारी माझ्या मनात शेजारी शेजारी बसल्या आहेत. युवाल्डीत पोलीस लवकर आले. चौकशीत पुढे निघाले, की एकूण ३७६ अधिकारी तिथे पोचले होते. आणि तरीही ७७ मिनिटे वर्गाचे दार उघडले गेले नाही. आतून मुले फोन करीत होती. बाहेर आईबाप पोलिसांच्या हातातून सुटू पाहत होते. मला त्या मारणाऱ्यापेक्षा ती ७७ मिनिटे अधिक छळतात, कारण मारणारा समजण्यापलीकडचा आहे आणि ती मिनिटे समजण्यासारखी आहेत: आदेश कुणाचा, जबाबदारी कुणाची, किल्ली कुणाकडे. सरथाण्याची शिडी आणि युवाल्डीची किल्ली ही एकाच कारखान्यात बनलेली असावीत.

पण एक फरक आहे, आणि शोक करणाऱ्या गावाला तो फार जाणवत असावा. बंदुकीला चाप असतो आणि चापावर एक बोट असते. आपल्याकडेही हे अगदीच अपरिचित नाही. डिसेंबर २००७ मध्ये गुरगावच्या एका शाळेत आठवीतल्या मुलाला वर्गमित्रांनीच वडिलांचे पिस्तूल आणून मारले होते. अशा वेळी गावाच्या क्रोधाला चेहरा मिळतो. त्या चेहऱ्याभोवती प्रश्न गोळा होतात, द्वेष गोळा होतो, कधी एखादा कायदाही. स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत १९९६ च्या मार्चमध्ये १६ मुले आणि त्यांची शिक्षिका मारली गेली, तेव्हा दोन वर्षांच्या आत ब्रिटनने खाजगी हातांतली पिस्तुले जवळजवळ संपवली. आगीला असा चेहरा नसतो. सुरतेत गुन्हे नोंदले गेले, वर्ग चालवणारा, बांधकाम करणारे, महापालिकेतले आणि अग्निशमन दलातले अधिकारी पकडले गेले, खटला सुरू झाला, जामीन झाले. आणि बापांच्या वाट्याला तारखा आल्या. इतक्या जणांत वाटलेला अपराध प्रत्येकाच्या वाट्याला इतका थोडा येतो, की तो सूतभरच वाटतो.

अशा वाटल्या गेलेल्या अपराधासमोर एकदा वेल्समध्ये एक बाप उभा राहिला होता. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये ॲबरफॅन गावावर कोळशाच्या खाणीचा कचऱ्याचा डोंगर घसरला आणि शाळा गाडली गेली. १४४ माणसे गेली, त्यांत ११६ मुले. मृत्यूच्या कारणांची अधिकृत नोंद होत होती, आणि एकेका नावापुढे वैद्यकीय शब्द वाचला जात होता. तेव्हा त्या बापाने म्हटले, की माझ्या मुलाच्या नावापुढे राष्ट्रीय कोळसा मंडळाने जिवंत पुरले असे लिहा. नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला ते करता आले नसणारच. कागदावर कारण शरीराचे लिहितात. श्वास कोंडला, अस्थिभंग झाला. छप्पर बुटके होते, हे मृत्यूच्या दाखल्यावरच्या कोणत्या रकान्यात मावते?

सुरतेला जळण्याचा अनुभव जुना आहे. आम्हा मराठी वाचकांना हे गाव पहिल्यांदा भेटते ते चौथीच्या पुस्तकात, १६६४ आणि १६७० च्या लुटींमधून, आणि त्या प्रकरणात आपण कायम घोड्यावर असतो. पहिल्या लुटीत दिवसेंदिवस गाव जळत होते, त्या घरांतून बाहेर पाहणाऱ्याच्या जागी आपण कधी उभे राहिलो नाही. मग १८३७ च्या एप्रिलमध्ये मोठी आग लागली, नऊ हजारांवर घरे गेली. कवी नर्मद तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याच वर्षी पूरही आला. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेग आला आणि लाखो माणसे मिळेल त्या गाडीने पळाली. आमच्या आजोळी तेव्हा सुरतेहून आलेल्या नातेवाइकांना दोन दिवस गोठ्यात निजवले होते, ही आमच्या घरातली न बोलली जाणारी गोष्ट. पुढच्याच वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि गावाने स्वतःला असे झाडून घेतले, की ते देशातल्या स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापी घराघरांत शिरली, आणि गाळ उपसून गाव पुन्हा उभे राहिले. सुरती माणसाला आपल्या या उभे राहण्याचा अभिमान आहे आणि तो खरा आहे. फक्त मला शंका येते, की जे गाव फार लवकर उभे राहते त्याला खाली पाहायला वेळ मिळतो का.

तक्षशिलेनंतरही गाव हलले. राज्यभर शिकवणी वर्ग बंद झाले, गच्चीवरची पत्र्याची छपरे उतरली, फ्लेक्स निघाले, अग्निशमनाच्या दाखल्याला एनओसी म्हणतात हे आयांना पाठ झाले. आणि पाच वर्षे एक दिवस उलटला तेव्हा, २५ मे २०२४ ला, राजकोटच्या एका गेम झोनमध्ये पत्र्याच्या मांडवाला आग लागून २७ जण गेले, आणि त्यांतही मुले होती. तिथेही तोच दाखला नव्हता. त्या संध्याकाळी सरथाण्यातल्या घरांत दूरदर्शन चालू होते की बंद केले गेले, हे मी कल्पू शकत नाही.

सरथाण्यातल्या त्या २२ जणांतल्या अनेकांना दुसऱ्या दिवशी अश्विनीकुमार स्मशानात नेले. 'सुरतनुं जमण ने काशीनुं मरण' अशी तिकडची म्हण. जेवावे सुरतेत, मरावे काशीत. पण सुरतेतही मरणाला एक तीर्थ आहे, आणि ते हेच, तापीच्या काठावर. सांगतात, की कर्णाने शेवटच्या क्षणी कृष्णाकडे मागितले, जिथे पूर्वी कुणाचे दहन झाले नाही अशा कुमारी भूमीवर मला अग्नी दे. साऱ्या पृथ्वीवर अशी भूमी मिळाली ती इथे, आणि तीही सुईच्या अग्राएवढी. सुईच्या अग्राएवढीही भूमी देणार नाही असे ज्या घराने म्हटले होते, त्या घरासाठी लढलेल्या माणसाला शेवटी तेवढीच मिळाली, हे लोकांच्या कल्पनेचे गणित पाहून मी थक्क होतो. तापी ही सूर्याची मुलगी, म्हणजे कर्णाची बहीण, आणि यमाचीही. आईने नदीत सोडलेले मूल अखेर बहिणीच्या काठाशी येऊन टेकले. त्या शनिवारी, मुली तिथे नेल्या जात असतानाच, बारावीचा निकाल लागला. गेलेल्यांपैकी तीन मुली पास झालेल्या होत्या. गुणपत्रिका कुणी आणायला गेले असेल का, आणि खिडकीतल्या कारकुनाने नाव वाचून काय केले असेल, या दोन प्रश्नांपाशी मी अनेकदा थांबतो आणि पुढे जात नाही.

मी सरथाण्याला गेलो नाही. सुरतेला जातो, मामेभावाकडे, उधन्यात. तापीच्याच पाण्यावर वाढलेली आम्ही माणसे, मी वरच्या अंगाला राहिलो, तो खालच्या. मागच्या खेपेला त्याची मुलगी, अकरावीत आहे, रेखाटनाच्या वर्गाला जाऊ लागली होती. वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "भाऊजी, फी मी मागून विचारली. आधी म्हटलं, मागचा जिना कुठं आहे तो दाखवा." वर्गवाल्याला नवल वाटले नव्हते, त्याने तो दाखवला होता. मला वाटले, त्या दुपारीने या शहरात मागे ठेवलेले सर्वांत टिकाऊ असे काही असेल तर ते हेच, एका आईची ही नवी सवय, जी ती कुणाकडून शिकली हे ती स्वतः कधी बोलत नाही.

त्या संध्याकाळी मुलीला घरच्या इमारतीच्या जिन्याचा आराखडा काढायचा होता. टेप तिच्या हातात, कागद पायरीवर. जिन्याच्या तोंडाशी कुणाची तरी स्कूटर लावलेली होती, वरच्या वळणावर चपलांचे कपाट आणि पाण्याचे दोन जार.

"काका, हे पण काढायचं का चित्रात?"

"आहे ते सगळं काढ," मी म्हटले.

तिने स्कूटर काढली. हँडल थोडे बाहेर आले होते, तेही काढले. मग टेपचे टोक माझ्या हातात देऊन ती वर चढत गेली, टेप सरसरत ताणला गेला, आणि वळणावरून तिचा आवाज आला.

"काका, हललात तुम्ही. परत धरा."

मी स्कूटरच्या बाजूने वाकून टोक पुन्हा पहिल्या पायरीच्या कडेला टेकवले.